देणगीसाठी पळणाऱ्या टीममध्ये जाऊ का? रत्नागिरीच्या ताईंना सविस्तर उत्तर

रत्नागिरीच्या एका ताईंनी विचारलंय. वय ४३, शाळेत शिक्षिका, पळायची अजिबात सवय नाही. त्यांच्या ओळखीची एक सेवाभावी संस्था जानेवारीतल्या मुंबईच्या अर्धमॅरेथॉनसाठी टीम तयार करतेय. सराव संस्था करून घेणार, पण प्रत्येकाने २५,००० रुपये देणगी गोळा करायची. ते पैसे कोकणातून कर्करोगाच्या उपचारांसाठी मुंबईला जाणाऱ्या रुग्णांवर खर्च होणार. २१ किलोमीटर झेपतील का, या पावसात आणि उकाड्यात सराव करायचा कुठे, लोकांकडे पैसे मागायचे कसे, हे त्यांचे प्रश्न. आणि शेवटी एक वाक्य: "पैसे घेतले आणि पळताच आलं नाही, तर लोकांना तोंड कसं दाखवू?"

ताई, मी या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. अशा टीमना मी बरीच वर्षं सराव देतोय आणि माझ्या मते सगळं याच एका गोष्टीवर ठरतं.

देणगी ही तुमच्या पळण्याची किंमत नाही. आपल्याकडची एखादी बाई केमोसाठी तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून पहाटे दादरला उतरते. रुग्णाच्या रेल्वे तिकिटाला सवलत मिळते. पण गावातून स्टेशनपर्यंतची रिक्षा, दादरहून परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंतची टॅक्सी, सोबत आलेल्या भावाचं जेवण आणि तपासण्यांचे रिपोर्ट येईपर्यंतचा आठ-आठ दिवसांचा मुक्काम यांना सवलत कुठली? तुमचे पैसे तिथे लागणार आहेत. तुम्ही २१ किलोमीटर पूर्ण करा, १२ वर थांबा, नाहीतर पाय मुरगळला म्हणून घरी बसा, त्या बाईच्या खोलीचं भाडं भरलं जाणारच आहे. म्हणून पैसे मागतानाच स्पष्ट सांगा: "मी मनापासून तयारी करतेय, पण पळणं झालं नाही तरी तुमचे पैसे कामालाच लागतील." हे एक वाक्य आधी बोललात तर जानेवारीत तोंड लपवायची वेळ येणार नाही.

हे मी इतकं घोळवून सांगतोय त्याला कारण आहे. स्वतःच्या हौसेने पळणारा माणूस गुडघा दुखला की थांबतो. देणगीसाठी पळणारा थांबत नाही, कारण त्याला साठ-सत्तर माणसांचे चेहरे दिसत असतात. आमच्या टीममधल्या एका मुलीची डिसेंबरात नडगी दुखत होती. रविवारी पळताना ती सगळ्यांच्या मागे राहायची आणि पाणी प्यायला थांबली की वाकून नडगीचा एकच ठरावीक भाग दाबून बघायची. विचारलं की "काही नाही सर, जरा धरलंय." आखडलेला पाय चार पावलांत मोकळा होतो, आणि दुखणं पोटरीभर पसरलेलं असतं. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाडावर दुखत असेल आणि पळताना वाढत असेल, तर तो हाडाला बारीक तडा असू शकतो. तिला डॉक्टरांकडे पाठवलं आणि तेच निघालं. शर्यतीच्या दिवशी ती पाण्याच्या टेबलापाशी उभी होती. तिला देणगी दिलेल्या एकानेही पैसे परत मागितले नाहीत. मागणार तरी कशाला?

देणगीसाठी टीम करून पळायची ही पद्धत तशी फार जुनी नाही. ब्रूस क्लीलंड नावाच्या एका अमेरिकन बापाच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. १९८८ साली त्याने ३८ जण जमवले, त्यांच्याकडून सराव करून घेतला आणि न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये त्यांना घेऊन पळाला. त्यांनी ३,२२,००० डॉलर गोळा केले. पळण्याचा गंध नसलेल्या माणसांना कारण, मार्गदर्शक आणि सोबती दिले की ती पळतात, हे तेव्हा दिसलं. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि तिच्यातूनही दरवर्षी अनेक संस्था निधी उभा करतात.

आता झेपेल का ते बघू. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. अशा शर्यतींना वेळेची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी तीन ते साडेतीन तास. भरभर चालणारा माणूस तासाला सहा किलोमीटर चालतो, म्हणजे नुसतं चालत हे अंतर साडेतीन तासांत होतं. सव्वातीन तासांत संपवायचं तर किलोमीटरला सव्वानऊ मिनिटं आहेत. म्हणजे तुम्हाला सतत पळायचंच नाहीये. थोडं पळायचं, थोडं चालायचं. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेले जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत जगभर रुजवली आणि नवख्या माणसाला यापेक्षा चांगली वाट मला तरी दिसलेली नाही. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, इथून सुरुवात. दिवाळीपर्यंत तीन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं यावर याल. चालण्याचं मिनिट पहिल्या किलोमीटरपासून घ्यायचं. दम लागल्यावर चाललात तर ती विश्रांती उशिराची असते.

त्याआधी एकदा डॉक्टरांना भेटा. चाळिशीच्या पुढे बीपी, साखर आणि ईसीजी बघून घ्यावं. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तेही सांगा.

आत्ता श्रावण चालू आहे. गणपतीपर्यंत नुसतं चाला, आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास. अनंत चतुर्दशी झाली की खरी सुरुवात, हातात चार महिने राहतात. आठवड्यातून तीनदा पळणं पुरे: मधल्या दिवसांत दोन छोटे आणि रविवारी एक लांबचा टप्पा. रविवारचं अंतर चतुर्दशीनंतर ५ किलोमीटर, दसऱ्याला ८, दिवाळीला ११-१२, नोव्हेंबर संपताना १५, डिसेंबरच्या शेवटाकडे १८. दर तीन आठवड्यांनी एक रविवार मुद्दाम कमी करायचा. १८ च्या पुढे सरावात जायची गरज नाही आणि शेवटचे दोन आठवडे अंतर उतरवत न्यायचं. मध्येच भातकापणीत टीममधले निम्मे लोक गायब होतात, तुम्हीही शेतीवाल्या असाल तर व्हाल. त्याची काळजी नको, दिवसभर वाकून कापणी करणाऱ्याच्या अंगाची सवय मोडत नाही. पण त्या आठवड्यात राहिलेलं अंतर पुढच्या रविवारी भरून काढायला जाऊ नका.

कोकणात पळण्याची खरी अडचण हवा आहे, आणि शहरातली तयार वेळापत्रकं इथेच फसतात. घाम अंगावरून उडून गेला तर शरीर थंड होतं. आपल्याकडे पावसाळ्यात सकाळी हवेतला दमटपणा ८०-९० टक्क्यांवर असतो, घाम वाहतो पण वाळत नाही. आतली उष्णता आतच राहते आणि हृदयाला तेवढ्याच वेगासाठी जास्त काम पडतं. म्हणून घड्याळातला वेग बघून पळू नका. शेजारी पळणाऱ्या बाईशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय का, एवढंच बघा. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तर मंदच पळायचं. पण त्यातून एक फायदा होतो. दोनेक आठवडे अशा हवेत नेमाने पळालं की शरीर स्वतःला बदलतं, घाम लवकर आणि जास्त यायला लागतो. मग जानेवारीतल्या पहाटेच्या गारव्यात तेच पाय हलके वाटतात.

वेळ पहाटेचीच ठेवा. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, हवा त्यातल्या त्यात कोरडी लागते. उन्हं वर आली आणि खारा वारा सुटला की चिकचिक सुरू होते.

पळायचं कुठे? नवीन माणसाला पहिल्यांदा पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू आठवते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तिकडे फिरकूच नका. तो शांत झाल्यावर भाट्याची पुळण उत्तम, पण भरती-ओहोटी बघून. कोळीवाड्यातला जुना हिशेब तुम्हाला ठाऊक असेल: तिथीला पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सकाळी सहाला समुद्र भरलेला, म्हणजे पळायला फक्त वरची भुसभुशीत वाळू उरते, आणि ती पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ओढून काढते. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला. तेव्हा आणि पुढचे दोन-तीन दिवस ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा मिळतो. त्यावर वीस-पंचवीस मिनिटं पळा, जितकं गेलात तितकंच परत या. पुळणीला समुद्राकडे उतार असतो, एकाच दिशेने पळालं तर एकाच बाजूच्या गुडघ्यावर ताण येतो. लांबचा रविवार मात्र डांबरी रस्त्यावरच, कारण शर्यत डांबरावर आहे.

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या दिशेने जाणारा रस्ता मला त्यासाठी आवडतो. चढउतार आहेत, पण सकाळी रहदारी कमी. आरे-वारेचा रस्ता दिसायला कितीही देखणा असला तरी त्याची चढण डिसेंबरपर्यंत राहू द्या. चढणीचा सराव हवा तर आठवड्यातून एकदा भगवती किल्ल्याचा चढ भरभर चालत चढा आणि सावकाश उतरा. गुडघे चढताना दुखावत नाहीत, दुखावतात ते उतरताना पाय आपटून. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अंधारात जायचं असेल तर डोक्याला बॅटरी हवीच आणि गवतात पाय घालायचा नाही. आपल्या कातळावर फुरसं हा विषारी साप असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. रस्त्यावर बसलेली गुरंही अंधारात शेवटच्या क्षणी दिसतात. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, त्यावर चांगले शूजही घसरतात. साचलेल्या पाण्यातून जाणं टाळा, विशेषतः पायाला जखम किंवा फोड असेल तर. लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून होणारा ताप, आपल्या भागात दरवर्षी असतो. शूज ओले झाले की आतला पट्टा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. उन्हाची वाट बघत बसलात तर बुरशी धरते. शूजवर थोडे पैसे खर्च करा, बाकी कशावर नाही केलेत तरी चालेल. बाईमाणसाने मात्र चांगली स्पोर्ट्स ब्रासुद्धा घ्यावी, आणि जिथे जिथे कपडा घासतो तिथे व्हॅसलिन. हे बोलायला लाजतात आणि मग दहाव्या किलोमीटरला रक्त येतं.

खाण्याचं आपलं घरचंच चांगलं आहे. पळायच्या दीड तास आधी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, वाटीभर. पोटाला हलकी, पाणीही जातं, मीठही जातं. लांबच्या पळण्यात बाटलीत कोकमाचं आगळ, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी ठेवा. आल्यावर कुळथाची पिठी आणि भात. बाजारातली जेलची पाकिटं हवी असतील तर सरावात घेऊन बघा, शर्यतीच्या दिवशी पोटाला नवीन काही दाखवायचं नाही.

पाण्याबद्दल दोन्ही टोकं वाईट. पळायच्या आधी आणि नंतर एकदा वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला. त्यावरून तुमची गरज कळेल. पण भीतीपोटी प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवू नका. तीन तास रस्त्यावर असणारी संथ माणसंच यात सापडतात: नुसतं पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, उलटी होते, भान हरपू शकतं. तहान लागेल तसं प्या. आणि सोबतचा कुणी उन्हात असंबद्ध बोलायला लागला किंवा तोल जायला लागला, तर त्याला "चल, थोडंच राहिलंय" म्हणू नका. सावलीत घ्या, अंगभर गार पाणी ओता आणि रुग्णवाहिका बोलवा.

टीमचा खरा उपयोग इथे आहे. एकटा माणूस पहिल्या दोन रविवारी जोरात पळतो आणि तिसऱ्या रविवारी झोपून राहतो. चांगल्या टीममध्ये शेवटचा माणूस परत येईपर्यंत कुणी घरी जात नाही. तुम्ही जाल त्या टीममध्ये हे एक आधी बघा: सगळ्यात मागे कोण असतं आणि त्याच्यासोबत कुणी असतं का. मार्गदर्शक पुढच्या पाच जणांबरोबर निघून जात असेल तर ती टीम तुमच्यासाठी नाही. पहाटे साडेपाचला एकटी बाई रस्त्यावर पळताना दिसली की आळीत कुजबुज होते, तीच दहाजणींबरोबर दिसली की पुढच्या महिन्यात कुजबुजणाऱ्यांतली एखादी शूज घेऊन येते. हे मी खूपदा बघितलंय आणि मला त्याचा फार आनंद होतो.

आता पैसे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, लेखापरीक्षण झालेला अहवाल दाखवतात का, हे निःसंकोच विचारा. टी-शर्ट, शर्यतीची फी, मुंबईचा मुक्काम हे देणगीतून जातं की वेगळं, तेही विचारा. मी तरी या गोष्टी ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून कराव्यात या मताचा आहे. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, तुमच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. देणगीवर करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख चालत नाही आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मिळावं लागतं. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही, त्यामुळे "टॅक्स वाचेल" असं सरसकट सांगू नका. आपल्याकडे घरटी कुणीतरी दुबईला नाहीतर मस्कतला असतं. त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल तर बँकेतून दिलेली देणगी चालते. नागरिकत्व परदेशी झालं असेल तर संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची, नोंदणी हवी, मग देणारा जन्माने रत्नागिरीचा का असेना.

मागायची सुरुवात स्वतःपासून करा, पहिले हजार रुपये तुमचे. मग वहीत पन्नास नावं लिहा आणि एकेकाला नावाने फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेलं आवाहन सगळे वाचतात आणि अंगठा दाखवून पुढे जातात. गणपतीत चाकरमानी घरी येतात, तो तुमचा हंगाम. आरतीनंतर सगळ्यांसमोर विषय काढू नका, भिडेखातर शंभराची नोट मिळेल आणि नातं अवघडेल. दुपारी पडवीत निवांत बसलेल्या माणसाला सांगा. कोकणातल्या बहुतेक घरांनी परळची वारी केलेली असते किंवा जवळून पाहिलेली असते, फार समजवावं लागत नाही. गावाचं मुंबईत मंडळ असेल तर त्यांच्या अध्यक्षांना पत्र द्या. एक पथ्य मात्र पाळा: तुमच्या वर्गातल्या मुलांच्या पालकांकडे मागू नका. शिक्षिकेला नाही म्हणणं त्यांना जड जातं, आणि तसे पैसे आपल्याला नकोत. सगळी रक्कम दिवाळीपर्यंत पूर्ण करा. डिसेंबरात पाय थकलेले असतात, तेव्हा फोन लावायला उत्साह राहत नाही.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला तिकिटं काढून ठेवा. शुक्रवारी सकाळपर्यंत पोचा. रात्रभर बसून प्रवास केला की पाय सुजतात, ते उतरायला एक रात्र झोप लागते. शनिवारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेऊन आलात की मुंबई बघत फिरू नका, नातेवाइकांकडे जेवायला जायचं ते रविवारी. पहिले पाच किलोमीटर तुमच्या पुढे शेकडो लोक जातील, जाऊ द्या. भाट्याच्या रस्त्यावर जसं बोलत पळत होतात तसंच बोलत पळा. दुखणं वाढत गेलं तर थांबा, पहिल्या दिवशी लोकांना काय सांगितलंय ते आठवा.

परत आल्यावर पंधरा दिवसांत प्रत्येक देणगीदाराला हिशेब पाठवा: किती जमले, संस्थेला कधी पोचले, कशावर खर्च होणार आहेत. पळून झालं का नाही, ते एका ओळीत. रुग्णांचे फोटो पाठवू नका, संस्थेने दिले तरी. पुढच्या वर्षी त्यातलीच एखादी बाई बरी होऊन बाजारात तुमच्यासमोर उभी राहील, तेव्हा तिचा टक्कल पडलेला चेहरा अख्ख्या गावाच्या मोबाइलमध्ये नसलेला बरा.